ट्रंकेतली बाळोती

बाळाचे लंगोट धुण्यात माझा हात धरणारं आमच्या गल्लीत कुणी नव्हतं, आणि हे मी स्वतःच सगळ्यांना सांगत फिरायचे. नगरमध्ये नागापूर एमआयडीसीच्या जवळ आमचं घर. पुढच्या-मागच्या बहुतेक घरांतले पुरुष कारखान्यात जाणारे, आमचेही त्यातलेच. कुणाकडे बाळंतपण झालं की आठ दिवसांच्या आत मी त्या घरी जायचे. निमित्त बाळ बघायचं, नजर मात्र दोरीवर. पिवळट डाग राहिलेला लंगोट दिसला की मला राहवायचं नाही. "अगं, आधी गार पाण्यात काढायचं. गरम पाणी ओतलंस की डाग शिजतो," असं म्हणत मी बादलीच पुढे ओढायचे. माझ्या माघारी बायका नावं ठेवत असणार. पण डाग निघायचा, त्यामुळे तोंडावर कुणी काही बोलायचं नाही.

माझे नियम ठरलेले होते. लंगोटाला साबणाची पावडर लावायची नाही, ती धाग्यात राहते आणि बाळाच्या मांड्या लाल होतात. रिठे उकळून त्याचं पाणी घ्यायचं. आमच्याकडचं बोअरचं पाणी इतकं जड की त्यात धुतलेला लंगोट वाळल्यावर पापडासारखा ताठ होतो, म्हणून शेवटचं खळबळणं नळाच्या पाण्यातच. नळाला पाणी कमी आलं की त्या दिवशी आम्ही अंघोळी बोअरच्या पाण्यानं करायचो, पण लंगोटाला नळाचं पाणी. पिळायचं नाही, बाळाला पोटात कळा येतात म्हणतात. दिवेलागणीच्या आत दोरीवरून काढायचं. आणि घडी घालण्याआधी प्रत्येक लंगोट स्वतःच्या गालावर घासून बघायचा. गालाला टोचला तर परत पाण्यात. आणि ठेवणीतला लंगोट पुन्हा धुतल्याशिवाय बाळाला बांधायचा नाही. यातलं किती खरं आणि किती आपलं ऐकीव, हे मला आजही सांगता येणार नाही, पण मी एकही नियम कधी मोडला नाही. एकदा मोडला. तेच सांगायला बसले आहे.

माझी मुलगी झाली तेव्हा माझ्या आईच्या दोन जुन्या सुती लुगड्यांचे मी तिला लंगोट शिवले होते. अडीच डझन लंगोट आणि सहा दुपटी. नेसून नेसून ते कापड सायीसारखं मऊ झालेलं. मुलगी चालायला लागली, लंगोट सुटले, तेव्हा सगळी बाळोती मी पुन्हा एकदा रिठ्यात धुतली, दोन दिवस कडक उन्हात वाळवली आणि पत्र्याच्या ट्रंकेत घालून ठेवली. हिच्या बाळाला होतील म्हणून. आमच्यात बारशापर्यंत बाळाला नवं कापड घालत नाहीत. जुनेरंच घालायचं. अंगाला टोचत नाही आणि कुणाची नजरही लागत नाही.

ती ट्रंक मी चोवीस वर्षं जपली. दर दिवाळीच्या आवराआवरीत ती पलंगाखालून बाहेर यायची. घड्या मोडायच्या, उलट्या घालायच्या, तळ पुसायचा आणि थराथरात नव्या डांबरगोळ्या टाकायच्या. एवढ्या वर्षांत एका लंगोटाला कसरीनं भोक पाडलं नाही. ट्रंक उघडली की डांबरगोळ्यांचा वास भसकन नाकात जायचा आणि मला तो आवडायचा. कुणाच्याही घरी कपाटातून तो वास आला की मला वाटायचं, इथली बाई नीटनेटकी आहे.

मुलीचं सासर संगमनेरचं. जावयांचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. सातव्या महिन्यात तिकडे डोहाळजेवण झालं आणि पहिलं बाळंतपण म्हणून मी तिला माहेरी आणायला गेले. निघताना विहीणबाईंनी कागदी डायपरचं मोठं पुडकं माझ्या हातात दिलं.

"ताई, ह्ये राहू द्या. ऐन पावसाळ्यात बाळतपण येतंय. धुनं वाळत न्हाई. ह्ये लई सोपं पडतं."

बाई प्रेमानं बोलत होत्या, हे मला तेव्हाही कळत होतं. पण समोर पंधरा-वीस बायका बसलेल्या. मी म्हणाले, "आमच्याकडे अजून हातपाय शाबूत आहेत, विहीणबाई. माझ्या नातवाच्या अंगाला मी प्लास्टिक लावायची नाही." बायका हसल्या. विहीणबाईही हसल्या, पण पदर उगाच सारखा करत आत गेल्या. पुडकं मी आणलं आणि न फोडता माळ्यावर टाकलं.

मी बेफिकीर नव्हते, एवढं मला सांगू द्या. ट्रंकेतली बाळोती बाळाला घालण्याआधी दोनदा धुवायची, हे माझ्या मनात पक्कं होतं. श्रावणात दिवस भरणार होते. त्याआधी पंधरा दिवस हे काम काढायचं ठरवलं होतं. रिठेसुद्धा आणून ठेवले होते. पण आषाढ संपायच्या आतच, तीन आठवडे आधी, एका सकाळी तिला कळा सुरू झाल्या. मोठी पाइपलाइन फुटल्यामुळे आमच्या भागात चार दिवस नळाला पाणी नव्हतं. आभाळ आठवडाभर भरून राहिलेलं, पाऊस पडत नव्हता आणि ऊनही पडत नव्हतं.

तिला दवाखान्यात पोचवून मी सामान न्यायला घरी आले आणि ट्रंक उघडली. डांबरगोळ्या झिजून हरभऱ्याएवढ्या झाल्या होत्या. त्या वेचून बाजूला काढल्या, एकेक लंगोट झटकला आणि गाठोडं बांधलं. आमचे मालक दारात उभे होते. ते कमी बोलणारे. म्हणाले, "धुवायचे न्हाईत का हे?"

"धुतलेलेच आहेत," मी म्हणाले. "मी धुऊन ठेवलेत."

मी धुऊन ठेवलेत म्हणजे विषय संपला, असंच आमच्या घरात होतं. ते गाठोडं उचलून गाडीकडे गेले.

दुपारी मुलगा झाला. नर्सनं पहिला लंगोट बांधला आणि म्हणाली, "किती मऊ आहेत हो आजी, असे हल्ली कुणी आणत नाही." मला कोण आनंद झाला. मुलगी अर्धवट झोपेत होती. बाळ कुशीत घेतल्यावर तिनं नाक आक्रसलं. "आई, कसला वास येतोय?"

"ट्रंकेचा. जाईल."

ती पुन्हा झोपली.

दुसऱ्या दिवशी बाळाचे डोळे पिवळे दिसले. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, थोडी कावीळ आहे, दोन दिवसांनी रक्त तपासायला आणा, त्याआधी वाढली तर लगेच या. मी मान डोलावली. मनात म्हटलं, कावीळ काय सगळ्याच पोरांना होते, कोवळ्या उन्हात धरलं की उतरते. ऊन नव्हतं, म्हणून मी त्याला खिडकीत उजेडाला घेऊन बसायचे. सकाळ-संध्याकाळ कोमट खोबरेल तेल अंगभर जिरवायचे आणि दुपट्यात घट्ट गुंडाळून ठेवायचे. तेल लावलेल्या अंगात त्या गोळ्यांचं विष लवकर मुरतं, हे मला पुढे एका डॉक्टरीणबाईंकडून कळलं. माझ्या हातांनी मी ते त्याच्यात मुरवत होते.

चौथ्या दिवशी सकाळी त्याचे तळपाय पिवळे झाले. मुलगी म्हणाली, आजच जाऊ. मी म्हणाले, उद्या जायचंच आहे, ओल्या बाळंतिणीनं दोन-दोनदा कशाला बाहेर पडायचं? संध्याकाळी त्यानं दूध ओढणं सोडलं. रडणं बारीक, चिरकं झालं आणि अंग मागे कमानीसारखं ताणलं जायला लागलं. मग मात्र आम्ही धावलो.

लहान मुलांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी बाळाला तपासायला घेतलं आणि दुपटं सोडता सोडता थांबल्या. आधी दुपट्याचा वास घेतला. मग रक्त काढलं, मशीनखाली ठेवलं, धावाधाव सुरू झाली. मुलीला त्यांनी आतच बसवलं होतं. बाहेर मी, मालक, आणि फोन गेल्याबरोबर गाडी करून आलेले जावई आणि विहीणबाई. दोन-अडीच तासांनी डॉक्टर बाहेर आल्या.

"बाळाचं रक्त फुटतंय. सगळं रक्त बदलावं लागेल," त्या म्हणाल्या. काही मुलांच्या रक्तात जन्मापासून एक कमतरता असते, ती आईकडून येते, बहुतेक मुलग्यांनाच बाधते, आणि अशा मुलांना काही वस्तू विषासारख्या असतात, असं त्यांनी समजावलं. मग माझ्याकडे वळल्या. "आजी, बाळाचे कपडे डांबरगोळ्यांत ठेवलेले होते का?"

विहीणबाई माझ्या शेजारीच उभ्या होत्या, त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता.

मी म्हणाले, "नाही."

"वास येतोय म्हणून विचारते."

"तेलाचा असेल. कपडे मी धुऊन घेतलेत."

डॉक्टर आत गेल्या. मी का खोटं बोलले, याला मी पुष्कळ सबबी शोधल्या. घाबरले होते, डोकं चालत नव्हतं, असं मी स्वतःला सांगून बघितलं. पण खरं कारण एवढंच होतं, की डोहाळजेवणात पंधरा बायकांपुढे मी ज्या बाईला गप्प केलं होतं, तिच्या देखत मला हो म्हणता येईना. नातू आत मरायला टेकला होता आणि मी माझी अब्रू सांभाळत होते. मालक माझ्याकडे न बघता खाली फरशीकडे बघत होते.

ते आणि मी त्यावर एकदाच बोललो. दुसऱ्या दिवशी बाळाचे कपडे आणते सांगून मी घरी आले, तेव्हा ते म्हणाले, "आता झाकली मूठ राहू दे. सांगून रक्त परत येनार हाय का?" मी त्यांना दोष देत नाही. मला जे ऐकायचं होतं तेच ते बोलले.

घरी पिंपात पिण्यापुरतं पाणी होतं. ते सगळं मी काढलं. अंगणात चूल पेटवून हंड्यात रिठे टाकले आणि एकूण एक लंगोट, एकूण एक दुपटं त्यात बुडवलं. पहिल्या पाण्यातून काढून वास घेतला, होता. दुसऱ्यांदा उकळलं. होता. माझ्याच बोटांना तो वास लागलाय की कापडाला, ते कळेना. तिसऱ्या वेळी पिण्याचं पाणी संपलं म्हणून बोअरचं घेतलं आणि कापड चुरगाळून, आपटून, पिळून धुतलं. आयुष्यात मी पहिल्यांदा लंगोट पिळला. समोरच्या घरातली बाई कुंपणाशी येऊन म्हणाली, "काकू, बाळ दवाखान्यात आणि तुमी धुनं काय काढलं?" मी म्हणाले, "त्याला लागतील ना." वेचून ठेवलेल्या गोळ्या पिशवीत बांधून नाल्यात टाकल्या. ट्रंक आतून राखेनं घासली. कुणी बघायला आलंच तर काही सापडू नये, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

बाळ वाचलं. दोनदा रक्त बदललं आणि सतराव्या दिवशी त्याला घरी सोडलं. मी देवापुढे नाक घासलं आणि मनातल्या मनात हिशेब मिटवून टाकला. वाचलं ना, मग झालं.

झालं नव्हतं. चौथा महिना सरला तरी त्यानं मान धरली नाही. खुळखुळा वाजवला तर बघायचा नाही, दिसला तरच बघायचा. कुकरची शिट्टी झाली, ताट पडलं, तरी झोप मोडायची नाही. विहीणबाई फोनवर म्हणायच्या, किती शांत पोरगं हाय. आठव्या महिन्यात पुण्याला तपासणी केली. कावीळ मेंदूपर्यंत गेली होती, त्याला ऐकू येत नव्हतं. मुलीनं मला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती रडली नाही. "आई, मी त्याला इतके महिने अंगाई म्हणत होते," एवढंच म्हणाली.

त्यानंतरची चार वर्षं मी संगमनेरला गेले की माझ्या कपाळाची शीर उठायची. त्या घरात माझ्या मुलीला पोराचं काही करू द्यायचे नाहीत. त्याचं दूध विहीणबाई गरम करायच्या, औषध त्या मोजून द्यायच्या, कपडे त्या धुवायच्या. मुलगी त्याच्या अंगावर पांघरूण घालायला गेली तरी त्या उठून ते पांघरूण हातानं चाचपायच्या. एकदा तर माझ्यासमोर म्हणाल्या, "तू राहू दे, मी बगते." मला संताप यायचा. आई असून तिला परक्यासारखं वागवतात, असं मी घरी येऊन मालकांपाशी बडबडायचे. कमतरता आईकडून येते असं डॉक्टर म्हणाल्या होत्या, म्हणूनच या बाईनं माझ्या मुलीवर राग धरलाय, अशी माझी खात्री झाली होती. मी दोन-तीनदा मुलीला म्हणाले, "तू ऐकून का घेतेस? तुझा काय गुन्हा?" ती म्हणायची, जाऊ दे.

मग तिला पुन्हा दिवस गेले. मी आनंदानं गेले, म्हणाले, याही वेळी माझ्याकडेच चल. ती म्हणाली, "नाही. इथंच होऊ दे." मी दुखावले. आम्ही दोघी गच्चीवर वाळवण काढत होतो, खाली कुणी नव्हतं. मी बरंच बोलले. माहेर तुटलं का, सासूनं तुला बांधून ठेवलंय का, असलं. ती ऐकत पापड गोळा करत राहिली. मला आणखी बोलवेना, आणि अचानक माझ्या तोंडून निघून गेलं.

"त्या गोळ्या मी ठेवल्या होत्या. कपडे मी धुतले नव्हते. डॉक्टरांना मी खोटं सांगितलं."

तिनं पापडांचं ताट खाली ठेवलं. "माहितीये," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. मला वास आला होता ना."

मग तिनं जे सांगितलं ते मी पहिल्यांदाच ऐकत होते. घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरांनी तिला, जावयांना आणि सासूला समोर बसवलं होतं. मी तेव्हा घरी तिच्यासाठी डिंकाचे लाडू वळत होते. डॉक्टर म्हणाल्या, रक्ताच्या तपासण्या आल्यात, कपड्याला वास स्पष्ट होता, गोळ्या होत्याच, पुढे काळजी घ्यायची म्हणून खरं सांगा. विहीणबाई म्हणाल्या, पण हिच्या आई तर न्हाई म्हनत हुत्या. सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"मी म्हणाले, आईनं कपडे धुऊनच दिले होते. मी ते माझ्या कपाटात ठेवले आणि गोळ्या मी टाकल्या."

"का गं?"

"तू नाही म्हणून बसली होतीस. सगळ्यांसमोर. तू खोटी पडली असतीस." तिनं खालून एक मोडका पापड उचलला आणि ताटात ठेवला. "मला वाटलं, पोर बरं होऊन घरी चाललंय. दोन दिवस बोलतील आणि विसरतील. त्याला ऐकू येणार नाही, हे कुठं माहीत होतं तेव्हा?"

चार वर्षं त्या घरानं तिला पोराच्या पांघरुणाला हात लावू दिला नव्हता, तो माझ्या वाटणीचा अविश्वास होता. आणि मी तिलाच विचारत होते, तुझा काय गुन्हा.

"मी आत्ता खाली जाऊन सांगते," मी म्हणाले.

"नको." इतका वेळ ती हळू बोलत होती, आता तिचा आवाज चढला. "आता सांगितलंस तर त्यांना काय कळेल? ही चार वर्षं आपल्याशी खोटं बोलली. पोराच्या बाबतीत खोटं बोलली. निष्काळजी म्हणून त्यांनी मला ठेवून घेतलंय. खोटारडी म्हणून ठेवतील का? तुला मोकळं व्हायचंय, आई. मला इथं राहायचंय."

तिचं बरोबर होतं. खरं बोलायची वेळ एकदाच आली होती, दवाखान्यात, त्या डॉक्टरांसमोर. ती मी घालवली. आता ते खरं मी उघडं केलं तरी त्याची शिक्षा तिलाच होणार. म्हणून या लिहिण्यात मी कुणाचंच नाव घातलेलं नाही, माझंही नाही.

दुसऱ्या वेळी मुलगी झाली, सुखरूप. मी बारशाला गेले. हातात दुकानातून घेतलेलं झबलं होतं, विहीणबाईंनी ते घेऊन आधी वास घेतला, मग धुवायला टाकलं. मला राग आला नाही. बायका जमल्या, पाळणा झाला, घुगऱ्या वाटल्या. सगळ्या पांगल्यावर आम्ही तिघी आतल्या खोलीत बसलो होतो. माझी मुलगी बाळाला पाजत होती. नातू दारात पाठमोरा बसून एका डब्याचं झाकण फरशीवर आपटत होता. त्याला तो आवाज येत नव्हता आणि आम्हाला सहन होत नव्हता, पण कुणी त्याला थांबवलं नाही.

विहीणबाई माझ्याजवळ सरकल्या. चार वर्षांत त्या माझ्याशी इतक्या मायेनं बोलल्या नव्हत्या. माझा हात त्यांनी हातात घेतला.

"ताई, डोहाळजेवनात तुमी बोलला हुतात ना, त्येचा मी लई दिवस राग धरला. पन आता वाटतं, तुमचंच खरं हुतं. तुमी तर धुऊन-सुकवून कपडे दिले हुते. ह्या पोरीनं घोळ केला. तुमच्या हाताची सफाई हिच्यात उतरली न्हाई, दुसरं काय."

आणि त्या माझ्याकडे बघत थांबल्या, मी काहीतरी म्हणेन म्हणून. माझ्या मुलीनं मान वर केली नाही. बाळाच्या कानामागचं टोपडं ती नुसतं नीट करत राहिली.

"हो," मी म्हणाले.